मृत्यु कीं हत्या ?

उत्तर अमेरिकेंतील महासरोवरांच्या कांठीं, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या संस्थानांत व कॅनडांत, अनिशिनाबे लोक राहतात. त्यांची ओजिब्वे भाषा शाळांतून पुन्हा बोलती करण्याचा उद्योग चालला आहे. त्यावर आपल्याकडील सुशिक्षितांचा शेरा ठरलेला : ‘भाषा जन्मतात नि मरतात, काळानें टाकलेलें ओझें मुलांच्या डोक्यावर कां द्यावें?’

या ‘काळ’ शब्दाआड खरा आरोपी लपतो. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून दूर नेऊन ठेवणारी पहिली सरकारी निवासी शाळा १८७९ सालीं पेन्सिल्व्हेनियांत कार्लाइल येथें निघाली. पुढें अशा अनेक शाळांतून मातृभाषा बोलणें हाच अपराध ठरला. कॅनडांतही तेंच घडलें. तेथील सरकारनें २००८ सालीं त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. ज्याची क्षमा मागावी लागते, तो निसर्गक्रम कसा ?

दुसरा पक्ष भाषेचा कैवार घेतो. परंतु त्याची भक्ति कोशापुरती. कोशाची या भाषेला वाण नव्हतीच. मिशनरी बरागा यांचा कोश १८५३ सालींच छापला गेला. आपले पंडित देवकाची चर्चा करतांना जो ‘टोटेम’ शब्द योजतात, तोही मूळचा हिचाच. जगानें तिचा शब्द उचलला, आणि तिच्याच नातवंडांची वाचा मात्र गेली !

भाषा जगते ती मुलें तींत भांडूं लागलीं म्हणजे. विस्कॉन्सिनमधील वाडूकोडाडिंग ही शाळा या शतकाच्या आरंभीं निघाली. तेथें ओजिब्वे हा तासाभराचा विषय नसून शिक्षणाचें माध्यम आहे. या भाषेंत दगडाचें नाम सजीव वर्गांत मोडतें. हा भेद कोष्टक घोकून कळेल, पण जिभेवर बसण्यास गणितापासून खेळापर्यंत सारा दिवस त्याच भाषेंत जावा लागतो.

१९९० सालीं अमेरिकेनें व २०१९ सालीं कॅनडानें अशा भाषांसाठीं कायदे केले, हें ठीकच झालें. परंतु कायदा मुलांशीं बोलत नाहीं. अस्खलित बोलणारे आज बहुतेक वृद्ध आहेत. त्यांच्यापाशीं बसून शिकणारे तरुण शिक्षक हवेत, त्यांना पोटापुरतें वेतन हवें, आणि तें आतांच हवें. शाळा काढून भाषा मारावयास सरकारी तिजोरींत पैसा होता. शाळा काढून ती जगवावयास तोच मागितला, तर तें दान नव्हे, देणें आहे.