चार शेंगांवरून उतारा ठरवू नका

पावसाने ओढ दिली असताना परग्रहवासीयांची हाक ऐकण्यावर पैसा कशाला, असे वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या सोयाबीन उत्पादकाने विचारले, तर तो प्रश्न रास्तच ठरेल. पण त्यासाठी नवी दुर्बीण बांधायला नको. नारायणगावजवळ खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहेच. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झ लहरीही ती टिपते आणि याच लहरींजवळ संदेश शोधावेत, असा तर्क कोकोनी व मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडला होता. दीर्घिकांसाठी घेतलेल्या नोंदींतच हा शोध घेता येतो. वाढीव भार मुख्यतः संगणकांवर पडतो.

दुसरा आक्षेप असा, की १९६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी दोन ताऱ्यांपासून या शोधाला सुरुवात केली, तरी आजवर हाती काही नाही. मात्र आपल्या आकाशगंगेतच शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत. चार शेंगा सोलून कोणी शिवाराचा उतारा ठरवत नाही. शिवाय काटेकोरपणे तपासलेली शांतताही ज्ञानच असते. न ऐकता काढलेला निष्कर्ष मात्र निव्वळ समजूत ठरतो.