मुद्दल आणि व्याज

आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात कुणाला फिट आली की नाकाला कांदा लावत, आणि "बाहेर बोलू नका" अशी ताकीद असे. आज माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला फिट येतात, अभ्यासात लक्षही टिकत नाही.

मुलाने न्यूरोफीडबॅक सुरू केलं. डोक्याला तारा लावतात. मेंदूच्या लहरी हव्या तशा आल्या की पडद्यावरचं विमान पुढे जातं. हे थोतांड नव्हे. १९७२ मध्ये अमेरिकेत स्टर्मन यांनी अशा सरावाने एका रुग्णाच्या फिट कमी झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. पण लक्ष न टिकणाऱ्या मुलांवर, खरा सराव कोणाला आणि खोटा कोणाला हे लपवून तपासलं, तेव्हा फायदा फारसा उरला नाही.

वीस बैठकींनंतर तिथल्या बाई म्हणाल्या, "आता गोळ्या कमी करून बघा." सूनबाई हरखली. मी पडलो बँकेतला माणूस; माझी वही पुढे केली. तारीख, वेळ, किती मिनिटं, गोळी घेतली का, झोप झाली का. शेवटच्या तिन्ही फिट गोळी चुकलेल्या दिवशीच्या! मेंदूच्या डॉक्टरांनी वही पाहिली आणि गोळ्या कायम ठेवल्या.

माझं मत सरळ आहे. गोळी हे मुद्दल, सराव फार तर वरचं व्याज. व्याजाच्या आशेने मुद्दल मोडू नये. वही ठेवा, आणि शाळेतल्या बाईंना आजार सांगून ठेवा. लपवून आमच्या वाड्यात कुणाचं भलं झालं नाही.