जपानी शिकायचं, पण मराठीतून

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे बरेच दिवस लिहिणं बंद होतं. आज मात्र डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले आहे.

त्याचं झालं असं. आमच्या बेसातल्या कॉलनीतली एक मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं मोठ्या हौसेनं जपानी भाषेचा क्लास लावला, फी भरली. चार महिन्यांत शिकवणाऱ्या मॅडमना पुण्यात चांगली नोकरी मिळाली आणि क्लासला कुलूप लागलं. परवा ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. "आजी, तुम्ही शाळेत व्याकरण शिकवायच्या ना? मग हे समजावून सांगा."

मला जपानीचा गंध नाही. पुस्तक इंग्रजीत. तरी चष्मा लावून बसले. पहिल्याच धड्यात ठळक अक्षरांत सूचना होती, की या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं बरं का! अगं बाई, म्हटलं, यात नवल ते काय? 'मी भात खाते' यात क्रियापद कुठे आहे? जपानीत म्हणतात 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु'. मी, भात, खाते. 'टोकियोला' म्हणायचं तर 'तोक्यो नि'. आपला 'ला' जसा नामाच्या मागे येतो, तसाच त्यांचा 'नि'. इंग्रजाला जे उलटं वाटतं, ते आपल्याला सुलट आहे. पण ही पोर ते आधी इंग्रजीत उलटं करून घेते आणि मग पुन्हा सुलट करत बसते!

पुढे अक्षरांचा तक्ता आला. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बत्तीस वर्षं बाराखडी घोकून घेतलेली बाई मी, माझे कान टवकारले. नातवाला इंटरनेटवर शोधायला लावलं. तर हा क्रम खरोखरच आपल्या वर्णमालेवरून गेलेला! बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून तो तिकडे रुजला. तिथल्या 'हा'च्या जागी पूर्वी 'पा' होता, म्हणजे आपला त-न-प-म चा क्रमच की! हे तिच्या पुस्तकात कुठेही नाही. कारण ते पुस्तक तिच्यासाठी लिहिलेलंच नाही.

आता माझं म्हणणं सरळ सांगते. नागपूर विद्यापीठात जपानच्या अभ्यासाची पूर्ण वेळ संस्था हवी आणि तिथे मराठीतून शिकवलं जावं.

"पुण्यात आहे की," असं लगेच कोणीतरी म्हणेल. आहेच. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकून कितीतरी मुलं पुढे गेली, त्याचं कौतुकच आहे. पण जपानशी नागपूरचं नातं काय कमी आहे? १९३५ साली जपानात जन्मलेले भन्ते सुरेई ससाई साठच्या दशकाच्या अखेरीस नागपुरात आले आणि इथलेच झाले. १९८८ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं. दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस १९९९ साली नोरिको ओगावा यांच्या मदतीनं उभं राहिलं. आपण तिथे सहली नेल्या, फोटो काढले. अर्ध्या शतकात त्यांच्या भाषेत त्यांना चार प्रश्न विचारावेत असं आपल्यापैकी कितीजणांना वाटलं? मलाही वाटलं नाही, हे कबूल करते.

नागार्जुनाचंच घ्या. परंपरा त्याचं नातं विदर्भाशी जोडते. मनसरला उत्खनन झालं; तिथले अवशेष बौद्ध परंपरेचे की वाकाटकांच्या प्रवरपूरचे, यावर विद्वानांचं एकमत नाही. तिकडे जपानात हाच नागार्जुन 'र्‍यूजू' या नावानं आठ पंथांचा आद्य गुरू मानला जातो. त्याच्यावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलंय. ते वाचणारा माणूस रामटेकच्या पायथ्याशी नको? कोयासान विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा बसला. त्यांनी आपल्याला वाचायला घेतलं, आपण त्यांना कधी वाचणार?

दुसरा आक्षेप पैशांचा. आफ्रिकेतल्या कैरो विद्यापीठानं १९७४ साली जपानी भाषा आणि साहित्याचा विभाग काढला. इजिप्त काही कुबेराचं घर नव्हे. आपलं विद्यापीठ १९२३ चं, शंभरी उलटून गेली. मन असलं तर जमतं, राजेहो!

तिसरा आक्षेप माझ्या मुलाचाच. "आई, मुलांना नोकरी हवी, नागार्जुन नको." नोकरीचं मला वावडं नाही. मिहान आमच्या जवळच आहे, तिथे लागल्या तर आनंदच आहे. पण फक्त नोकरीवर चालणारा क्लास शिक्षकाला बरी नोकरी लागली की बंद पडतो. ते मी डोळ्यांनी पाहिलं. संस्था असली की कायम जागा असते, ग्रंथालय असतं, एक गेला तर दुसरा येतो. आणि मराठीतून शिकल्यानं मुलं मागे कशी पडतील? जपानी माणूस मुलाखत जपानीत घेणार. मधल्या इंग्रजीचे गुण थोडेच देणार आहे!

मात्र नुसती कोनशिला बसवून कोणी फीत कापणार असेल, तर ती संस्था मला नको. आधी शिक्षकांच्या कायम जागा भरा. मग मराठीतून व्याकरण आणि शब्दकोश तयार करा. मग ग्रंथालय. इमारत सगळ्यात शेवटी. आणि सगळा खर्च जपाननं करावा अशी झोळीही पसरू नका. शिकायचं आपल्याला आहे.

असो. ती मुलगी आता रोज संध्याकाळी येते. मी तिला विभक्ती समजावते, ती मला अक्षरं गिरवायला लावते. शहात्तराव्या वर्षी 'ना'पर्यंत पोचले आहे. पुण्यातल्या भाच्यांनी रागावू नये. उलट तुमच्यापैकी ज्यांना जपानी येतं, त्यांनी मराठीतून एखादा धडा लिहून पाठवा. आम्हा दोघींना लगेच लागणार आहे.