जॅकलीन कॉक्रन : पराक्रमाचे थकलेले ऋण

२० डिसेंबर १९४४ रोजी अमेरिकेचे ‘वास्प’ हे महिला वैमानिक दल विसर्जित झाले. महायुद्ध अद्याप संपले नव्हते. परंतु पुरुष वैमानिक आता पुरेसे होते. या भगिनींच्या हाती ना सैनिकी दर्जा आला, ना निवृत्तांच्या सवलती. सरकारदरबारी त्या केवळ नागरी कर्मचारी होत्या!

या दलाच्या प्रमुख जॅकलीन कॉक्रन. फ्लोरिडात दारिद्र्यात वाढलेल्या, शालेय शिक्षण नाममात्र, केशरचनेच्या व्यवसायावर पोट भरणाऱ्या या स्त्रीने १९३२ साली अवघ्या काही आठवड्यांत वैमानिकाचा परवाना मिळविला. १९४१ मध्ये त्यांनी बॉम्बफेकी विमान अटलांटिकपार ब्रिटनला नेले. मात्र पुरुष वैमानिकांच्या आक्षेपामुळे उड्डाण व अवतरण सहवैमानिकाच्या हाती सोपवावे लागले. महासागर ओलांडण्यास स्त्री चालते, धावपट्टीवर चालत नाही, असा हा अजब न्याय.

‘वास्प’साठी पंचवीस हजारांहून अधिक अर्ज आले, टेक्सासमध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या १०७४. कारखान्यांतून तळांवर विमाने पोहोचविणे, दुरुस्त विमानांची चाचणी घेणे, तोफखान्याच्या सरावासाठी विमानामागे लक्ष्य ओढत नेणे ही त्यांची कामे. खालून झाडल्या जाणाऱ्या गोळ्या खऱ्या असत. अडतीस जणींनी प्राण गमावले. त्यांच्या शवपेटीवर राष्ट्रध्वज पांघरण्याचा अधिकार नव्हता आणि पार्थिव घरी पाठविण्याचा खर्चही सरकार उचलत नसे. सहकारिणी आपसांत वर्गणी काढीत. ज्या राष्ट्राने सेवा घेतली, त्याने निरोपाचा मान नाकारावा, याहून मोठी कृतघ्नता कोणती?

दोष सर्वस्वी सरकारचाच, असे मात्र म्हणता येत नाही. सैनिकी दर्जाचे विधेयक जून १९४४ मध्ये काँग्रेसमध्ये फेटाळले गेले, त्यामागे नोकरी जाण्याच्या भीतीने ग्रासलेल्या नागरी वैमानिकांचा प्रचार होता. पण स्थलसेनेच्या महिला दलात विलीन होण्यास कॉक्रन यांनीही ठाम नकार दिला होता. दर्जा द्या, नाहीतर दल मोडा, ही त्यांची भूमिका बाणेदार खरी. किंमत मात्र सर्वांनीच मोजली.

युद्धानंतरही त्या थांबल्या नाहीत. १८ मे १९५३ रोजी कॅनडात बनलेल्या सेबर विमानातून ध्वनीचा वेग ओलांडणारी पहिली स्त्री होण्याचा मान त्यांनी मिळविला. आणि याच कॉक्रन यांनी १९६२ साली काँग्रेसच्या समितीपुढे स्त्रियांना अंतराळवीर करण्याची घाई नको, अशी साक्ष दिली! विवाहामुळे काम सोडणाऱ्या ‘वास्प’ वैमानिकांचा दाखलाही त्यांनी दिला. पुढच्याच वर्षी रशियाची व्हॅलेंटिना तेरेश्कोवा अंतराळात गेली. स्वतः दार उघडणाऱ्या व्यक्तीने मागून येणाऱ्यांना थोपवावे, हे या तेजस्वी चरित्रातील सलणारे पान आहे. चरित्रकारांनी ते झाकू नये.

१९७६ मध्ये अमेरिकी हवाई दलाने स्त्रिया ‘प्रथमच’ लष्करी विमाने उडविणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा जुन्या ‘वास्प’ भगिनी खवळून उठल्या. १९७७ साली त्यांना कायद्याने माजी सैनिकांचा दर्जा मिळाला. कॉक्रन यांचे १९८० मध्ये निधन झाले. काँग्रेसचे सुवर्णपदक प्रदान झाले २०१० मध्ये. तोवर त्या १०७४ पैकी सुमारे तीनशेच जणी हयात होत्या.