वेठ कोणाची?

“घटना म्हणजे वकिलांचा प्रांत, आपणांस तिचे काय?” असे आमचे पुष्कळ शेतकरी व कारागीर बंधु म्हणतात. आम्ही पुसतो, फुकट राबविण्यास वकिलाला धरून नेतात काय? 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या घटनेचे 23 वे कलम वेठीस साफ मनाई करते. आणि ही मनाई सरकारासच नव्हे, सावकार-मुकादमांसही आहे. 1982 साली दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीही वेठच ठरविली. उचल घेतली म्हणून जन्मभर बांधून राहावे, हेही खोटे; अशी वेठीची कर्जे 1976 च्या कायद्याने बुडाली. तक्रारअर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करावा. लिहावयास शाळेत जाणारी लेक घरी आहेच. तिजकडून आधी हे कलम मोठ्याने वाचवून घ्यावे.