परसातली पाखरे आणि चौरस फुटांचा हिशेब

पुण्यातील जुन्या वाड्यांच्या मागे परसू असे. विहिरीच्या काठी उंबर, मोरीच्या पाण्यावर पोसलेले लिंबू, कढीलिंब, कर्दळ आणि अळू. कुणी योजना आखलेली नसतानाही तेथे एक लहानशी जीवसृष्टी सुखाने नांदत होती. वाडे पडले, इमारती उभ्या राहिल्या. परसाचा वाहनतळ झाला आणि उरलेल्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसले.

ज्याला बाजारात भाव नाही त्याची किंमत शून्य धरावयाची, ही रूढ हिशेबाची जुनी खोड आहे. चौरस फुटाला दर आहे. त्या जागेवरील लिंबाच्या पानावर अंडी घालणाऱ्या फुलपाखराला नाही. पानांना भोके दिसली की औषध फवारले जाते. परंतु दाणे टिपणारी चिमणी आपल्या पिलांना अळ्या-किडेच भरवते. अळी मेली की पिलू उपाशी राहते. तांबट वाळक्या, मऊ फांदीत ढोली कोरतो. ती फांदी ‘वाईट दिसते’ म्हणून तोडली जाते. पाचोळा पेटवला की त्यातील किड्यांवर जगणाऱ्या दयाळाचे ताटच जळते. वास्तविक या जीवांना हवे असते ते थोडेच : देशी झाडेझुडपे, विषमुक्त माती, कोपऱ्यात राहू दिलेला पाचोळा आणि उथळ भांड्यात रोज बदललेले पाणी.

हा बंगलेवाल्यांचा छंद नव्हे काय, असा आक्षेप घेतला जाईल. बंगल्याच्या भिंतीआड राहिला तर तो छंदच ठरेल. चाळीत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांना परसू कोठून असणार? पाखरू मात्र सातबारा वाचून उतरत नाही. म्हणूनच महापालिकेची उद्याने, शाळांची मैदाने व ओढ्यांचे काठ ही श्रमिकांच्या मुलांची परसे व्हावयास हवीत. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने 1975 साली केला; झाडाखालच्या गवताला आणि पाचोळ्याला मात्र आजही वाली नाही. प्रत्येक उद्यानाचा एक कोपरा हिरवळीच्या गालिच्यातून मुक्त करावा, पाचोळ्याचे तेथेच खत व्हावे, आणि हे काम जाणणाऱ्या माळ्याला कंत्राटी मजुरीऐवजी कायम नोकरी मिळावी, एवढी मागणी अवाजवी नाही.

आणि गृहनिर्माण संस्थेच्या सभेत उरलेली माती झाकण्याचा ठराव येईल तेव्हा, या खर्चात कोणाकोणाचे घर मोडते, हे एका सभासदाने तरी उठून विचारावे.