विठोबाच्या देवळात बाईची जागा

शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ साली बायांना खुला झाला, तेव्हा आपल्या बैठकांमधून एक वाक्य हमखास ऐकू यायचं, ‘आपल्या पंढरपुरात असलं काही नाही.’ खरंच आहे ते. विठोबाच्या पायांवर कुणीही बाई डोकं ठेवू शकते. पण म्हणून पंढरपूरचा प्रश्न मिटला असं मानायला मी तयार नाही. देवळाची बांधणीच एकदा बाईच्या नजरेनं पाहू या.

पूर्वेला महाद्वार. तिथं पहिलीच नामदेवांची पायरी आणि समोर, दाराबाहेर, चोखोबांची समाधी. आत सोळखांबी मंडप, त्यात चांदीनं मढवलेला गरुडखांब, मग चौखांबी आणि शेवटी गाभारा. इथला एक शिलालेख १२३७ सालचा आहे. १२७३ ते १२७७ या काळात ज्यांनी दानं दिली त्यांची नावं चौऱ्यांशीच्या शिलालेखात कोरलेली आहेत. दान देणारे आत, चोखोबा बाहेर. त्यांच्या लोकांना आत यायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी १ मेपासून दहा दिवस उपोषण केल्यावर.

आणि बाया? रखुमाईचं देऊळ वेगळं, मागच्या अंगाला. घरातल्या तसबिरीत ती विठोबाशेजारी उभी असते, पंढरपुरात मात्र तिचं बिऱ्हाड निराळं. ती रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव आला, अशी कथा आहे. म्हणजे देव पंढरपुरी आला तो बायकोच्या मागे! कीर्तनकार यावर लोकांना हसवून पुढं जातात. मला मात्र ही गोष्ट मोलाची वाटते. रुसून निघालेल्या बाईला ‘मुकाट परत जा’ न सांगता तिला तिचं छप्पर देणारी गावं आपल्याकडं किती आहेत?

आवारातच तरटीचं एक झाड दाखवतात, ते कान्होपात्रेचं. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिनं विठोबाच्या पायाशी प्राण सोडला, अशी परंपरा सांगते. चोखोबाही मंगळवेढ्याचेच. तिला आत जागा मिळाली याचं कौतुक आपण ऐकत आलो. पण मिळाली ती मेल्यावर, झाड होऊन. जिवंत कान्होपात्रेला बादशहापासून वाचवायला त्या सोळा खांबांआडून कुणी पुढं आलं, असं कथेतसुद्धा नाही.

चोखोबांच्या पत्नी सोयराबाई. देहाच्या विटाळावर त्यांनी अभंगातून रोखठोक सवाल केला. वारीत त्यांचे अभंग म्हणणाऱ्याच कितीतरी बाया पाळी आली की बाहेरून कळसाला हात जोडून मागं फिरतात. पंधरा-वीस दिवस चालून! इथं दारावर पहारेकरी लागत नाही, तो आपल्याच मनात बसवलेला आहे.

आता सरकारी महापूजेचं बघा. आषाढी एकादशीला पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक पूजा करतात. रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला शेजारी उभं राहण्याचा मान मिळतो, दरवर्षी वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येतो. जोडप्याला! तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्यांत विधवा किती, टाकलेल्या किती, हे वारीत चार पावलं चाललेलीला सांगायला नको. त्या रांगेत पहिल्या आल्या तर? विठोबाला जोडीदार विचारण्याची गरज पडली नव्हती, ती सरकारला का पडावी?

‘देवळात जायचंच कशाला?’ असं काही मैत्रिणी म्हणतील. मीही नवस करणारी नाही. पण हे देऊळ खासगी नाही, १९७३ च्या कायद्यानं नेमलेली समिती ते चालवते. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपल्यावर शिक्कामोर्तब केलं आणि समितीनं पूजेच्या कामासाठी सर्व जातींच्या लोकांकडून, बायांकडूनही, अर्ज मागवले. तेव्हा केवढा आनंद झाला होता आपल्याला! नंतर आपण त्याचा पाठपुरावा किती केला?

येत्या आषाढीच्या आधी प्रत्येक गटानं समितीला दोन ओळींचं पत्र पाठवावं. पगारी पुजाऱ्यांत बाया किती, ते कळवा. आणि मानाचा वारकरी निवडताना एकट्या बाईला वगळणार नाही, हे लेखी द्या. पत्राची पोच जपून ठेवावी.